फिनेल प्यायलेली टाकी

माझे संपूर्ण नाव 'यशोदाबाई वराहपालन केंद्राची जैववायू टाकी'. वय अकरा वर्षे पूर्ण. तळवड्याच्या ओढ्याकाठी गळ्यापर्यंत पुरलेली मी बोलत आहे.

खंडूने मला बांधून घेतले आणि स्वतःच्या आईचे नाव दिले. कंपन्यांच्या कॅन्टीनमधील खरकट्यावर त्याची चाळीस डुकरे पोसली जातात; त्यांची विष्ठा माझ्या पोटात येते. तेथे हवा नाही, उजेड नाही. तरीही डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव अखंड कामावर असतात. काही विष्ठा कुजवून आम्ल करतात, काही त्या आम्लाचा वायू करतात. त्याच वायूवर यशोदाबाई भाकरी भाजतात. या माझ्या लेकरांचा मला अभिमान आहे.

गतवर्षी पलीकडच्या इमारतींतून दुर्गंधीची तक्रार आली. यशोदाबाई अतिशय टापटिपीच्या. त्या शेड धुताना रोज दोन बाटल्या फिनेल ओतू लागल्या. ते सारे पाणी माझ्यात उतरले. लेकरे मेली. शेगडी विझली. न कुजलेला मैला ओढ्यात वाहिला. त्याने पाण्यातील प्राणवायू संपवला आणि मासे उताणे तरंगले. महिन्याभरात सुधारणा न झाल्यास डुकरे हलवावीत, अशी नोटीस आली.

शेजारचे निवृत्त फिटर भीमराज माझ्यापाशी वाकले व त्यांनी वास घेतला.

"खंडू, हिला काय पाजलंस?"

"काही नाही काका. आई फिनेल टाकती, तेवढंच."

"तेवढंच? अरे, आतले जंतूच गॅस करतात. तेच मारलेत की!"

"जंतू मारायलाच फिनेल असतंय न्हवं?" यशोदाबाई कडाडल्या. "का आता किडं पाळायचं, भावजी?"

"वहिनी, उकळत्या दुधात विरजण घालता का?"

"न्हाई बा. मरतंय की ते."

त्या थबकल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "विरजण व्हय! मग तसं सांगायचं की."

फिनेल बंद झाले. ताजी विष्ठा काही दिवस वेगळ्या खड्ड्यात गेली. साचलेले आम्ल मारायला माझ्यात चुना पडला आणि तळेगावहून एका चालू टाकीतील चार कॅन जिवंत मळी, म्हणजे जंतूंनी भरलेला पातळ गाळ, आली. यशोदाबाईंनी ती स्वहस्ते, हळू ओतली, विरजण लावावे तशी. बाविसाव्या दिवशी शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. त्यांनी पहिली भाकरी मोडून एक तुकडा माझ्या काठावर ठेवला.

त्यानंतर झालेला बदल असा: फिनेल आता केवळ घरातील फरशीला लागते. माझी मळी गवताच्या वाफ्यांना जाते. नोटीस मागे घेण्यात आली. डुकरे येथेच आहेत. ओढ्याचे पाणी अद्याप पिण्याजोगे नाही. मासे परत आले आहेत.