करुणाचा हिरवा चुडा

एकतीस वर्षं मी सौंसरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं, अन् ऐन वेळी मलेच ते आठवलं नाही. याच्याहून मोठा मूर्ख तुम्ही पाह्यला काय?

सकाळी सहाला माझी करुणा गेली. आमच्याकडे सवाष्ण गेली की हिरवा चुडा भरून पाठवतात. जयश्री वहिनी बांगड्या घेऊन आल्या, म्हणाल्या, आत्ताच भरून घेऊ. मी त्यांच्यावर खेकसलो. आमची वृषाली पुण्याहून निघाली होती. आईले चुडा मीच भरीन, असं फोनवर रडत बोलली होती. ती येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं मी ठणकावलं.

वृषाली चार वाजता पोचली. तिनं आईचा हात हातात घेतला. बोटं अर्धी मिटलेली, अंगठा ताठ. अंगठा आत वळल्याशिवाय काचेची बांगडी चढत नाही. वहिनी म्हणाल्या, जरा जोर लावला की वळते.

"खबरदार! आतून तुटन," मी ओरडलो.

तवा आठवलं. वर्गात मी पोरांले दोर ओढाले लावायचो. सांगायचो, स्नायूत मायोसिनचे असेच अब्जावधी इवले ओढणारे असतात. धरतात, ओढतात, सोडतात, पुढं सरकून परत धरतात. सगळे एकदम सोडत नाहीत, म्हणून भरली बादली हातून पडत नाही. अन् बेटा, ताकद लागते ती सोडायले. जीव गेला की ती ताकद बनणं बंद. मग ज्यानं धरलं तो धरूनच बसते, अन् काही तासांत अंग ताठते. दरवर्षी हे फळ्यावर काढलं, अन् बायकोपाशी दहा तास नुसता बसून राह्यलो.

हात कवा ढिला होईन, वृषालीनं विचारलं. दीड-दोन दिवसांनी, मी म्हणलं. बाहेर तिरडी बांधून झाली होती. मग तिनं बांगड्या दोऱ्यात ओवून आईच्या मनगटाले बांधल्या. माझ्याकडे पाह्यलं नाही. पोरीची एकच इच्छा होती, ती मी बापानंच घालवली.

लोक उचलायले आले. करुणाचा दुसरा हात माझ्या हातात होता.

"बाबा, सोडा आता."

"सोडून राह्यलो, बेटा," मी म्हणलं. पण बोटं उघडेनात.

वृषाली खाली बसली. तिनं जोर नाही लावला. माझं एकेक बोट हळूहळू सोडवलं.