बेमालूम सांधा

मित्रांनो, मी एक जुना कठडा आहे. खरे सांगायचे तर अर्धा कठडा. माझा वरचा भाग अजून जिन्यावर उभा आहे आणि खालचा भाग अंगणाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपामागे आडवा पडला आहे. अर्धवटाने दुसऱ्याला शहाणपण शिकवू नये, असे तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. मला आता कशाचे फारसे वाईट वाटत नाही. फक्त वरच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला की वाटते.

माझा जन्म याच जिन्याच्या पायथ्याशी, खालच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात एक भक्कम टेबल, वेल्डिंगचे यंत्र, कानशींची फळी आणि लोखंडाच्या किसाने काळी पडलेली फरशी. मालक, कामगार आणि झाडूवाला असे सगळे मिळून एकच माणूस होता, तो म्हणजे काका. ते जिन्यांचे आणि गच्च्यांचे कठडे करत. त्यांच्या कठड्यात सांधा दिसत नसे. दोन नळ्या कुठे जोडल्या आहेत ते डोळ्यांना कळत नसे आणि हातालाही लागत नसे. म्हणून सगळी गल्ली त्यांना 'बेमालूमकाका' म्हणे. त्यांचे खरे नाव आठवायला बहुधा त्यांनाही वेळ लागत असावा.

समोरच्या बाजूला आणखी एक वेल्डर होता. हाताने बरा, पण जिभेने तिखट. त्याला सगळे 'ठिणगी' म्हणत. काकांचे आणि त्याचे पटत नसे आणि एकमेकांवाचून दोघांना करमतही नसे. त्याचे नाव लक्षात ठेवा, कारण माझ्या नशिबात त्याचाही वाटा आहे.

काकूंचा एक गुडघा लहानपणापासून अधू होता. कारखान्यावरच्या खोल्यांत राहायला आल्यावर त्यांना भिंतीला हात टेकत जिना उतरावा लागे. जिना बाहेरून होता, एका बाजूला भिंत आणि दुसरी बाजू अंगणाकडे उघडी. भिंत इतकी खरखरीत होती की काकूंच्या तळहाताची साल निघे. ते पाहिल्यावर काकांनी गिऱ्हाइकांची कामे बाजूला सारली. फरशी झाडून घेतली आणि तिच्यावर खडूने खऱ्या मापाचा जिना काढला. कागदावर काढले की चूकही लहान दिसते, असे ते म्हणत. काकू दोरीचे दुसरे टोक धरून त्या खडूच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या.

"हात कुठं येतो तुझा?"

"इथं."

"चढताना की उतरताना?"

"उतरताना. चढताना तुम्ही असता की मागं."

तिथेच दोरीला गाठ मारली गेली आणि माझी उंची ठरली. मित्रांनो, बहुतेक कठडे पुस्तकातल्या मापाने होतात. मी एका बाईच्या हाताच्या मापाने झालो. माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखे एवढेच आहे.

मग नळ्या कापल्या, खांब उभे राहिले, वरची दांडी वळणावर वाकवली गेली. दांडीच्या दोन तुकड्यांच्या आत एक जाड आतली नळी सरकवली, खालच्या अंगाने, जिथे हात जात नाही तिथून पेच आवळला, पेचाच्या डोक्यावर लांबीचा लगदा भरून ते बुजवले, कानस मारली, पॉलिशपेपर मारला. खांबांची टोकेही अशीच दांडीत आतून अडकवली. पेच सोडला की खांब अलगद हातात यावा, अशी ती युक्ती होती. शेवटी काकांनी कापसाचा बोळा घेतला आणि वरपासून खालपर्यंत फिरवला. जिथे एक जरी तंतू अडकला तिथे पुन्हा कानस. हे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. मला गुदगुल्या होत होत्या.

रंग वाळल्यावर काकांनी काकूंना डोळे मिटायला लावले आणि त्यांचा हात माझ्यावर ठेवला.

"शोध सांधा."

काकू वरून खाली गेल्या, खालून वर आल्या. "नाही बाई सापडत."

"पुन्हा शोध."

"अहो, दूध उतू जाईल!" असे म्हणत त्या हसत वर पळाल्या. पळाल्या म्हणजे, त्यांच्या गुडघ्याच्या मानाने पळाल्याच. त्यांचा हात माझ्यावर होता.

इथपर्यंत सगळे छान होते. आता एका भोकाचे सांगतो.

लोखंडाची नळी कितीही घट्ट बंद केली तरी तिच्यात ओल शिरतेच. उन्हाने आम्ही फुगतो, गारठ्याने आकसतो, केसाएवढी फट कुठेतरी पडते आणि पाणी आत येते. थंडीत तर आतल्या अंगाला घामच फुटतो. ते पाणी खाली उतरते आणि खांबाच्या तळाशी साचते. म्हणून प्रत्येक खांबाच्या पायाशी एक बारीक भोक ठेवतात. त्यातून पाणी निथळून जाते. काका प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कठड्याला ते भोक ठेवत, आणि मलाही त्यांनी ठेवले होते. काकूंनी बजावलेही होते, "पाण्याला वाट ठेवा हं."

मी बसवला गेल्यावर ठिणगी मला बघायला आला. त्याने डोळे बारीक केले, वाकून पाहिले, नखाने खरवडून पाहिले. त्याला सांधा सापडला नाही. हार मानणे त्याच्या स्वभावात नव्हते. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "सगळं झकास आहे मास्तर. पण पायाशी ही उंदराची बिळं कशाला ठेवलीत?"

बायकोचे सांगणे म्हणजे घरचे बोलणे आणि समोरच्या वेल्डरचे बोलणे म्हणजे सोनाराने कान टोचणे. दुपारचे जेवण टाकून काका खाली बसले आणि प्रत्येक भोक बुजवून, घासून, रंगवून टाकले. गिऱ्हाइकांचे कठडे शाबूत राहिले. घरचा तेवढा बेमालूम झाला.

त्यानंतरची वर्षे कौतुकात गेली. नवीन गिऱ्हाईक आले की काका त्याला कारखान्यात बसवतच नसत, थेट माझ्यापाशी आणत. "शोधा सांधा," म्हणत आणि मिशीत हसत बाजूला उभे राहत. कुणी चष्मा काढून बघे, कुणी अंगठीने टकटक करे. मुले माझ्यावरून घसरत आणि काका त्यांना रागे भरण्याऐवजी विचारत, "कुठं टोचलं का?" नाही म्हटले की खूश. दरवर्षी मला रंगाचा नवा हात मिळे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी माझी ती मूठ होती. आत मात्र पाणी साचत होते. माझ्या सगळ्यात खालच्या खांबात ते सगळ्यात जास्त होते आणि ते मला आतून खात होते. मला ते कळत होते. पण मित्रांनो, कठड्याला तोंड नसते.

काकूंना मी रोज संध्याकाळी भेटे. अंगणात पिंपाजवळ एक दगडी ओटा होता, तिथे ठिणगीची बायको येऊन बसे. दोघी भाजी निवडत आणि आपापल्या नवऱ्यांची उणीदुणी काढत. काकूंचे बाहेरचे जग म्हणजे तेवढा ओटा. गुडघा वाढत्या वयाबरोबर आणखी बिघडला, बाजार बंद झाला, लग्नकार्याला जाणे बंद झाले. ओटा मात्र सुटला नाही. उतरताना त्या माझ्यावर सगळा भार टाकत आणि कधीकधी पुटपुटत, "तू आहेस म्हणून रे बाबा." हे त्या मला म्हणत की गुडघ्याला, ते मी कधी ठरवले नाही. मी ते माझेच धरले.

पुढे लोक तयार कठडे आणू लागले. काकांची कामे आटली. ग्राइंडर धरून धरून त्यांची बोटेही बधिर झाली होती, शर्टाचे बटण लावायला त्यांना काकू लागत. कारखान्याला कुलूप लागले. रंगाचा हात मात्र मला दरवर्षी मिळतच राहिला.

आणि एका संध्याकाळी काकू मध्येच थांबल्या. "अहो, हा हलतोय."

"हलायला काय झालं त्याला?" काका खाली आले. खालच्या खांबावर त्यांनी बोटाच्या पेराने ठोकले. निरोगी नळी खणखणते. मी भद्द वाजलो. काकांचा चेहरा उतरला. त्यांना त्या एका आवाजात सगळे कळले, बुजवलेले भोकही आठवले असेल.

"काय झालंय?" काकूंनी विचारले.

"काही नाही. पेच सैल झालाय. आवळतो."

मित्रांनो, हे खोटे होते. लाजेपोटी बोललेले लहानसे खोटे. 'खांब आतून कुजलाय' असे ते म्हणाले असते, तर पुढचे काही घडले नसते.

काकांचा बेत सोपा होता. लपवलेला पेच शोधायचा, सोडायचा, कुजका खांब काढून नवा बसवायचा. कुणाला कळणार नाही. पण पेच कुठे होता? त्यांनी कधी खूण ठेवली नव्हती. खूण ठेवली तर लपवले काय, असे त्यांचे म्हणणे. पूर्वी बोटांना आपोआप कळे. आता त्या बोटांना गरम चहाचा कपसुद्धा कळत नव्हता आणि वर रंगाचे इतके थर बसलेले. शेवटी त्यांनी ठिणगीला बोलावले. तोही म्हातारा झाला होता. त्यानेही पुष्कळ चाचपले.

"मास्तर, हा कापू या. खांब कापायचा, नवा जोडायचा. तासाभराचं काम."

"मग सांधा दिसेल."

"दिसू दे की! आता कोण बघायला येतंय आपल्याकडं?"

काकांनी पुन्हा एकदा दांडी चाचपली. "उद्या बघू," म्हणाले. "मी शोधतो."

त्यांनी काकूंना सांगितले, काम होईपर्यंत भिंतीकडून उतर, मी हात धरतो. काकूंनी ऐकले. रोज सकाळी काका खालच्या पायरीवर बसत आणि माझ्या पोटाखालून बोटे फिरवत. मला ओरडून सांगावेसे वाटे, अहो, आणखी वीतभर पुढे! ठिणगी येता-जाता म्हणे, "सापडला का?" काका मान हलवत. 'उद्या' काही संपत नव्हता.

एका दुपारी पिंपातल्या पाण्यावरून उलटलेला उन्हाचा कवडसा खालून माझ्या दांडीवर पडला आणि रंगाखालची अगदी पुसट गोल कड उजळली. काकांनी अंगठा ठेवला. चेहरा एकदम तरुण झाला त्यांचा.

"अगं, सापडला!" ते ओरडले. "सांधा सापडला!"

वर काकू खिडकीत बसल्या होत्या. पेच सैल आहे एवढेच त्यांना ठाऊक. सापडला म्हणजे काम झाले, असेच कुणालाही वाटेल. आयुष्यभर ज्याच्या शोधात त्या हरल्या तो सांधा बघायला त्या निघाल्या. "थांबा, मला दाखवा! हात काढू नका!" असे म्हणत, हसत, लहान मुलीसारख्या उतरल्या. भिंत विसरल्या. जुन्या सवयीने त्यांचा हात माझ्यावर आला आणि सगळा भार माझ्यावर पडला.

मी धरले, मित्रांनो. जेवढे धरता आले तेवढे धरले. मग खालचा खांब पायापासून फाटला आणि लाल चिखलासारखे पाणी पायरीवर सांडले. काकू अंगणात पडल्या. काकांचा अंगठा तेव्हाही सांध्यावर होता. सांध्याला काही झाले नाही. तो आजही घट्ट आहे, पिंपामागे पडलेल्या तुकड्यात, केसभरही न उघडता.

काकूंचे माकडहाड आणि मांडीचे हाड मोडले. डॉक्टर म्हणाले, आता जिना विसरा. त्या वरच्या खोलीत खिडकीशेजारी पलंगावर असतात. ठिणगीची बायको गुडघे धरत वर जाऊन बसते, पण दोघींचे बोलणे ओट्यावरच्यासारखे रंगत नाही. एकमेकींच्या नवऱ्यांची उणीदुणीही त्या आता काढत नाहीत. ठिणगीने माझा खालचा भाग कापून बाजूला केला आणि तिथे एक दोरखंड बांधला. करवत चालवताना त्याच्या तोंडून एकही टोमणा आला नाही. जाताना तो काकांना म्हणाला, "मी तेव्हा उगाच बोललो मास्तर. मला सांधा सापडला नाही, म्हणून बोललो."

परवा काकांनी कारखान्याचे कुलूप काढले. गंजलेले ड्रिल आणले. माझे वरचे खांब अजून जिन्यावर आहेत, काका त्यांच्या पायाशी बसले आणि बधिर हातांनी कसेबसे ड्रिल धरून भोके पाडू लागले. प्रत्येक भोकातून तांबडे पाणी आले आणि पायरीपायरीने खाली गेले. आवाज ऐकून काकूंनी खिडकीतून हाक मारली.

"काय करताय हो?"

"काही नाही. पाण्याला वाट करून देतोय."

काकू म्हणाल्या, "आता?"

काकांनी पुढच्या खांबाला ड्रिल लावले.

मित्रांनो, माझे आता काही होणार नाही. ज्या हातासाठी मला केले तो हात पुन्हा माझ्यावर यायचा नाही, आणि मी उभा राहिलो काय, भंगारात गेलो काय, सारखेच. तुमच्या घरात, शाळेत, जिन्यात माझे भाऊबंद उभे असतील. कधीतरी वाकून त्यांच्या पायाशी बघा. तिथे एक बारीक भोक असेल आणि ते दिसायला चांगले नसेल. कुणी काहीही म्हणाले, तरी ते बुजवू नका.