माझ्या माथ्यावरचा लोण्याचा डाग

मित्रांनो, वाचनालयात शिरताना ज्या काळ्या, ढिम्म वस्तूवर तुम्ही ओल्या टोप्या फेकता, ती मी. मी एक जुनी तिजोरी आहे. दार धड लागत नाही आणि पोटात सध्या झाडू नि बादली राहतात. असो, माझेही दिवस होते.

सिनसिनाटीच्या कारखान्यात मी जन्मले. आगीची धग आत पोचू नये म्हणून दोन जाड पत्र्यांच्या मधे प्लास्टर ठासलं गेलं, दारावर सोनेरी वेल आली. आगबोटीनं आणि मग बैलगाडीनं मी या पाइन लँडिंग गावी पोचले. उतरवताना माझ्याखाली फळी मोडली, तेव्हा मला माझ्या वजनाचा अभिमानच वाटला.

मला आणणारे अल्फियस पेल्टन. लाकडाच्या गिरण्यांच्या या गावात पहिली बँक त्यांनी काढली आणि पुढे लोकांनी त्यांनाच मेयर केलं. शेतकरी आला की आधी त्याच्या गाईगुरांची चौकशी, मग काम. कागद ठेवायला आलेल्या प्रत्येकाला ते माझं दार उघडून दाखवत, "हा तुमचा कप्पा." शनिवारी कोट काढून स्वतः माझ्या बिजागऱ्यांना तेल घालत. असा धनी मिळायला भाग्य लागतं.

मग तो कोरडा ऑक्टोबर आला. रस्त्यांवर भुसा, पायवाटा फळ्यांच्या. गिरणीत ठिणगी उडाली आणि सगळं गाव पेटलं. माणसं नदीत गळ्यापर्यंत उभी राहून वाचली. कोर्टाची कचेरी नोंदवह्यांसकट गेली. लोकांच्या जमिनीचे कागद आता फक्त माझ्या पोटात होते, आणि मी राखेच्या ढिगात तापून लाल झाले होते.

त्यातच हुल्डा टॉफ्टे या नॉर्वेजियन विधवेचा कागद होता. तिचा नवरा ओंडके वाहताना नदीत बुडाला होता, आणि तिच्या जमिनीवर लाकूड कंपनीचा डोळा होता. कागद गेला की जमीन गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

लोहार झेब घण घेऊन आला. "मेयर, बाजूला व्हा. एका दणक्यात उघडतो."

"नाही. आत हवा गेली की भडका उडेल. हिला निवू दे."

दुकानदार क्रॅनस्टन फिदीफिदी हसला. "आत काही असेल तर उघडतील ना!" त्यानं झेबकडून स्वतःची तिजोरी फोडून घेतली. दार उघडलं तेव्हा कागद जसेच्या तसे दिसले. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भुर्रकन पेटले. बिचारा क्रॅनस्टन मटकन खाली बसला.

तुम्हाला वाटेल, आता तरी लोकांना पटलं असेल. छे! ते जास्तच बिथरले.

"पाहिलंत? आतून जळतंय! उरलेलं तरी काढू द्या!"

"अरे बाबांनो, आत जळत नव्हतं. दार उघडलं म्हणून जळलं."

"तुमचं काय जातंय?"

पेल्टन यांचं स्वतःचं घरही राख झालं होतं. ते खिळ्यांचं रिकामं पिंप उपडं घालून माझ्यापुढे बसले. "घण मारायचा तर आधी मला उठवावं लागेल."

हुल्डा पुढे आली. "कधी उघडणार ते सांगा. 'लवकर' म्हणायचं नाही."

"मिसेस टॉफ्टे, थोडं लोणी आहे का?"

"गाई वाचल्या हेच नशीब, आणि तुम्हाला लोणी सुचतंय?"

"बोटभर हिच्या माथ्यावर ठेवा. वितळलं तर उघडायची नाही. टिकलं की लगेच उघडतो. बघायचं तुम्ही, मी नाही."

रोज सकाळी ती लोणी ठेवी, ते चर्रकन वितळे आणि माझ्या अंगावरून ओघळे. "पोरांच्या पावावरचं आहे हे," ती चिडून म्हणे. "पाव आण, इथंच भाजू," झेब म्हणे. पेल्टन पिंपावरून हलले नाहीत. दाढी वाढली, बायकोनं आणलेल्या घोंगडीतच ते झोपत.

मग कंपनीचा माणूस बग्गीतून आला. "मॅडम, सोमवारी कागद दाखवा, नाहीतर जागा सोडा."

तो जाताच हुल्डानं झेबच्या हातातला घण हिसकावला आणि ती पेल्टनसमोर उभी राहिली. "उठा."

ते उठले नाहीत. "आजचं लोणी बघा. मग माराच."

लोणी आज चर्र वाजलं नव्हतं, पण कडेनं हळूहळू पाझरत होतं. ती किती तरी वेळ त्याकडे बघत राहिली. मी लोखंडाची, तरी मला तिची दया आली. शेवटी तिनं घण खाली टाकला आणि ती तोंड फिरवून रडली.

सोमवारी पहाटे दंव पडलं. लोणी घट्ट बसलं होतं, वर तिच्या अंगठ्याचा ठसा तसाच. पेल्टननी किल्ली फिरवली. भडका उडाला नाही. कडा तपकिरी झालेले कागद, पण अक्षर न अक्षर शाबूत! हुल्डानं आपला कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, ठरल्याप्रमाणे आलेल्या कंपनीच्या माणसाच्या नाकासमोर धरला. तो बग्गीत बसून निघून गेला.

मग तिनं कागदाची घडी घातली आणि पेल्टनना परत दिली.

"ठेवा. माझ्या कप्प्यात."

झेबनं आपला कागद खिशात कोंबला होता. त्यानं मान खाली घालून तो बाहेर काढला आणि तिच्या मागं उभा राहिला.

पेल्टन पुढे राज्याचे खजिनदार झाले, तरी गावी आले की तेलाची कुपी घेऊन माझ्याकडे येत. ते गेले, दगडी बँक बांधली गेली, तिथं नवी तिजोरी आली, आणि मी या कोपऱ्यात आले. सोनेरी वेल कधीच उडाली. सगळ्या अंगावर गंज चढला, फक्त माथ्यावर तळहाताएवढी एक जागा अजून तुळतुळीत आहे.

परवा झाडणाऱ्या बाई तो डाग घासून काढणार म्हणत होत्या. मित्रांनो, त्यांना तेवढं सांगाल? बिजागरीला तेल दिलंत तर उपकार होतील, नाही दिलंत तरी चालेल. पण तो डाग राहू द्या. ते हुल्डाच्या पोरांच्या पावावरचं लोणी आहे.