बिनऔषधाचे तीन ससे

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली माझी डॉक्टरकीची पुढची पदवी सहा सशांच्या कानांवर अडकली होती. माणसांच्या खरजेचा किडा आणि सशांच्या खरजेचा किडा हे चुलतभाऊ. औषध सशाला लागू पडलं, तर पुढं माणसांचा विचार करता येतो. पण खरजेचे ससे कॉलेजात कुणी ठेवून घेईना, म्हणून अणशी गावात ओळखीच्या रुक्मामावशींच्या गोठ्यात खुराडी मांडली. तिघांना औषध, तिघांना काहीच नाही. काहीच न दिलेले असतील, तरच औषधाचा फरक कळणार. "त्या तिघांना हात लावायचा नाही," असं मी तीनदा बजावलं आणि दिवाळीला घरी, बेळगावला गेलो.

आठ दिवसांनी परत आलो, तर त्याच तिघांचे कान करंजाच्या तेलानं चकाकत होते. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, काय केलंत हे?"

"पाडव्याला गोठ्यातलं जनावर कोण खाजवत ठेवतंय व्हय? म्हशीला लावलं, बैलांस्नी लावलं. तुमच्या त्या तिघांस्नी औषध हाय. ह्येंचं बिचाऱ्यांचं कोण न्हाई. सणापास्नं रोज चोळलं."

वर्षाची मेहनत मातीत गेली होती. कपाळाला हात लावून मी कानांची खपली खरवडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. किडे होते, पण मेलेले. औषधवाल्या सशांच्या खपलीत मात्र अजून दोन-चार वळवळत होते. पुन्हा पुन्हा पाहिलं आणि मला हसूच फुटलं.

जवळच्या गणेशगुडीला जाऊन कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. सर आधी भडकले. शेवटी म्हणाले, "एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. नवे नऊ ससे आण. तिसरा गट तेलाचा."

मावशी तयार झाल्या, पण अट घालून. "तिघं तसंच ठिवायचं, तर एकवीस दीस. बाविसाव्या दिशी तेल लागणार म्हंजे लागणार. लिवा."

मी वहीत लिहू लागलो आणि मधेच पेन खाली ठेवून बोटांच्या बेचक्या खाजवल्या. महिनाभर हे चाललं होतं. सशांचा किडा डॉक्टरलाच चावला, हे सांगणार कुणाला?

मावशींनी तेलाची वाटी पुढं ओढली.

"बिनऔषधाचं चौथं हितं बसलंय. कवाधरनं चोरून खाजवालासा. हात आणा हिकडं."

मी वही मिटून दोन्ही हात पुढं केले.