धार गेली नव्हती

मित्रांनो, खणाच्या कोपऱ्यात जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली सुरी ती मीच. अंगावर गंज चढला आहे, लाकडी मूठ सैल झाली आहे. तरी हात लावू नका, अजून बोट कापेन.

लोहाराने मला घडवलं तेव्हा तो म्हणाला होता, "जपणारा मिळाला तर ही नाव काढेल." जपणारा मिळाला. तो सुशी करणारा आचारी होता. मला दगडावर घासून, पुसून, कोरडं केल्याशिवाय तो कधी घरी गेला नाही. त्याची बायको म्हणायची, "मला सवत आहे, लाकडी मुठीची."

सुशी म्हणजे भाताचा छोटासा मुटका आणि त्यावर कच्च्या माशाचा पातळ काप. कच्चा मासा म्हणजे खेळ नव्हे, शिळा असला तर जिवावर बेततं. म्हणून आचाऱ्याची एक पद्धत होती. गिऱ्हाइकासमोर मासा नाकाशी न्यायचा, डोळे मिटून वास घ्यायचा, मान हलवायची आणि मगच मला उचलायचं.

अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या हाताखाली राबून त्याने एका अरुंद गल्लीत स्वतःचं दुकान थाटलं. एक लांब ओटा, समोर उंच खुर्च्या, बस्स. आणि लगेच तो तापाने अंथरुणाला खिळला. ताप उतरला, पण कशाचाच वास येईना. हे बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी आतल्या खोलीत ती एकेक मासा हुंगून बघायची, आणि बाहेर ओट्यावर तो नुसता डोळे मिटून मान हलवायचा. मला ते नाटक मुळीच आवडायचं नाही. पण सुरीला विचारतो कोण?

बरेच महिने कुणी फिरकलं नाही. मग एकाने खाल्लं, त्याने चार जणांना सांगितलं, आणि गल्लीत नवीन दुकान सापडल्याचा बोलबाला झाला. एका शनिवारच्या सगळ्या खुर्च्या आधीच ठरल्या. नेमकी त्याच दिवशी मासळीची गाडी वाटेत बंद पडली. पेटी आली तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. त्यात बायकोला सर्दीने बेजार केलेलं.

"अहो, माझं नाक चोंदलंय, मला काही कळत नाहीये," ती म्हणाली. "आज बंद ठेवू या."

"इतके दिवस हातावर हात धरून बसलो, आणि आज लोक येणार तर बंद ठेवू? रंग बघ, चांगला दिसतोय."

तिने पेटीतलं पाणी ओतून टाकलं.

ओट्याच्या टोकाला एक शिक्षिका आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन बसली होती. त्यांनी सुशी कधी खाल्ली नव्हती.

"या वयात मला कच्चं खायला घालतेस होय?" म्हातारा बिचकत म्हणाला.

"एकच खाऊन बघा, बाबा. ते बघा, वास घेऊन, पारखून देतात."

आचाऱ्याने डोळे मिटून मान हलवली. म्हातारा निर्धास्त झाला.

मी माशात उतरले. ताज्या माशाचा काप कसा अलगद सुटून येतो. हा लिबलिबीत होता, पात्याला चिकटत होता. आचाऱ्याचा हात थांबला. त्यालाही ते जाणवलं, मित्रांनो! माझा जीव भांड्यात पडला. पण तो माझ्याकडे बघत पुटपुटला, "धार गेली वाटतं." त्याने मला दगडावर घासलं आणि पुन्हा कापायला घेतलं.

म्हाताऱ्याला सुशी फार आवडली. लेकीच्या ताटलीतलेही काप त्याने हसत हसत पळवले. त्या रात्री बरेच जण आजारी पडले. बाकीचे सावरले. म्हातारा दवाखान्यातून घरी आला नाही.

काही दिवसांनी शिक्षिका दुकानात आली. दुकान रिकामं होतं. "तुम्ही वास घेताना मी पाहिलं," ती म्हणाली, "म्हणून बाबांना खा म्हटलं. खरं सांगा, तुम्हाला काहीच कळलं नाही?"

"मला वास येत नाही," आचारी म्हणाला. "पण हाताला कळलं होतं."

ती वडिलांच्या खुर्चीवर बसली, थोड्या वेळाने उठली आणि निघून गेली. त्याच दिवशी दुकानाला कुलूप लागलं. आचाऱ्याने मला फडक्यात गुंडाळलं, आणि पहिल्यांदाच, न पुसता.

मित्रांनो, घरातली सुरी, कात्री जपून वापरा, पुसून ठेवा. पण हातातलं हत्यार अडलं तर लगेच त्याच्यावर खापर फोडू नका. जरा थांबा, ते काय सांगतंय ते बघा. माझं कुणी ऐकलं असतं, तर तो म्हातारा पुढच्या शनिवारीही आला असता आणि लेकीच्या ताटलीतले काप पळवत बसला असता.