खुशालीचा ताळा

माणसाला एखादी खोड जन्मतःच असते, एखादी नोकरी लावते. भिंगकाकांना संशयाची खोड दोन्हीकडून मिळाली होती. दूध आलं की आधी वास, पत्र आलं की आधी शिक्का, आणि कुणी चांगली बातमी सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला, “कशावरून?” त्यांचं स्वतःचं लग्न ठरताना मुलीला स्थळ पसंत आहे असा निरोप सासरहून आला, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं. त्यांची बायको ही गोष्ट गेली अठ्ठावीस वर्षं येईल त्याला सांगत होती, आणि दर वेळी काका म्हणत, “मग? विचारायला नको?”

खिशात कायम भिंग असायचं म्हणून रेडिओ केंद्रातली मंडळी त्यांना भिंगकाका म्हणत. तोंडावर मात्र नुसतं काका. लढाई सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे एकच काम होतं, ‘खुशाली’चा ताळा.

‘खुशाली’ हा कार्यक्रम रोज दुपारी चारला लागायचा. रेकॉर्डिंगची एक गाडी आघाडीवर फिरून सैनिकांचे आवाज तबकड्यांवर भरून आणायची. प्रत्येकाला वीस सेकंद. नाव सांगायचं नाही, ठिकाण सांगायचं नाही, पाऊसपाण्याबद्दल तर चकार शब्द काढायचा नाही. ‘आई, मी बरा आहे’ छापाचं काहीतरी बोलायचं. ज्याचा आवाज, त्याच्या घरचे बरोबर ओळखायचे. तबकडीवर फक्त सैनिकाचा नंबर असे.

आता अडचण अशी की तबकडी केंद्रात पोचायला दहा-बारा दिवस लागत, आणि लढाईत तेवढ्या दिवसांत माणसाचं काय काय होतं ते सांगायला नको. म्हणून रोज सकाळी लष्करी कचेरीतून एक बंद पाकीट येई. आत वगळायच्या नंबरांची यादी. कारण लिहिलेलं नसे, विचारायचंही नसे. निवेदिकेनं यादी वाचायची, काकांनी त्या नंबरची तबकडी काढून काळ्या पेटीत टाकायची, आणि मग यादी पत्र्याच्या डब्यात जाळायची.

हा ताळा सुरू होण्याआधी एकदा घोळ झाला होता. आठवड्यापूर्वीच गेलेल्या एका पोराचा आवाज लागला. “लवकर येतो,” म्हणाला. त्याची आई हातात लोकरीची टोपी घेऊन केंद्राच्या फाटकाशी तीन दिवस बसून राहिली. तिला खरं सांगायला कुणी पुढे होईना, तेव्हा काका गेले. ती काय म्हणाली ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून ते या कामात ताकही फुंकून पीत, आणि घरी छाती ठोकून सांगत, “आमच्याकडून आवाज लागला म्हणजे माणूस सुखरूप. माझ्या हाताखालून गेलेली तबकडी खोटं बोलत नाही.”

बायकोनं हे वाक्य मनाशी घट्ट धरलं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा आघाडीवर होता, नंबर ४४७१, आणि सात महिन्यांत त्याचं पत्र नव्हतं. चार वाजले की ती हातातलं काम टाकून रेडिओसमोर बसे. आणि इकडे काका रोज सकाळी तबकड्यांची पेटी उघडली की कुणाला कळू न देता आधी तो नंबर शोधत. अर्थात कळायचं ते सगळ्यांना कळतच होतं.

त्या दिवशी काकांनी पाकीट हातात घेतलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पाकिटाचा डिंक ओला होता.

समोर निवेदिका बसली होती. तिला सगळे ताई म्हणत. सकाळच्या बातम्या तीच वाचायची, त्यामुळे ती काकांच्या आधी दोन तास येई. काकांनी पाकीट उजेडाकडे धरलं. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, त्यामुळे उजेड म्हणजे टेबलावरचा एकच दिवा.

“ताई, हे पाकीट कुणी उघडलं होतं का?”

“दमट हवा आहे, काका. सुटला असेल डिंक.”

“कशावरून?”

ताई एरवी या प्रश्नाला खो खो हसायची. आज तिनं नुसती यादी बाहेर काढली आणि वाचायला सुरुवात केली. पाच नंबर वाचले. काकांनी पाच तबकड्या काढून काळ्या पेटीत टाकल्या. पाकिटावर मात्र, नेहमीसारखा, कोपऱ्यात आतल्या नंबरांचा आकडा होता, सहा.

मुरलेला माणूस लगेच बोलत नसतो. काकांनी उरलेल्या तबकड्या मोजल्या. अठरा. गाडीवाल्याच्या चिठ्ठीवर चोवीस आल्याची नोंद होती. चोवीसातून सहा गेल्या, अठरा उरल्या, हिशोब चोख बसत होता. पण काढल्या होत्या पाचच! म्हणजे एक नंबर वाचला गेला नाही आणि एक तबकडी काळ्या पेटीत आलीच नाही. जी वगळायची, तीच बाहेर काढून कुठेतरी ठेवली होती.

मागच्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या सुरक्षा साहेबांचं परिपत्रक आलं होतं. केंद्रातून शत्रूला इशारे जातात असा संशय आहे, नको ती तबकडी लावणं हाही इशारा असू शकतो, सर्वांनी डोळ्यांत तेल घालून राहावं. काकांनी ते तीनदा वाचून सही केली होती.

“यादी आण, जाळून टाकतो,” ते म्हणाले.

“राहू दे, काका. मी जाळते नंतर.” तिनं यादीची घडी घालून स्वतःच्या खणात टाकली.

पाणी कुठेतरी मुरत होतं. काकांना आता एकेक गोष्ट दिसायला लागली. तबकड्या लावणारा तंत्रज्ञ, ज्याला सगळे बटणराव म्हणत, तो ताईच्या कानाशी काहीतरी कुजबुजत होता आणि काका दारात येताच दोघं गप्प झाले. रोज काकांची टर उडवल्याशिवाय बटणरावांना घास गिळत नसे. आज ते उठून खुर्ची देत म्हणाले, “बसा काका, दमला असाल.” सकाळी दहाला माणूस कशानं दमतो? अकराला ताईनं स्वतःच्या हातानं चहा आणून दिला. वर विचारलं, “काकू आज घरीच आहेत ना? ऐकतात ना रोज?”

“का?”

“सहज.”

सहज! काकांनी आयुष्यात कधी कुणाचं सहज खरं मानलं नव्हतं. घरची चौकशी म्हणजे दुखऱ्या जागी बोट ठेवून माणसाला हळवं करायचं, हे न कळायला ते काही कालचं पोर नव्हते. आठ वर्षं बरोबर काम केलेली बाई. तिच्या मुलीच्या बारशाला यांनी चांदीचा वाळा दिला होता. त्यांना रागही आला आणि वाईटही वाटलं, पण रागाचं पारडं जड होतं. तसल्या एकेका तबकडीपायी फाटकाशी कुणाची आई बसते, हे त्या बाईला ठाऊक होतं ना?

बाराला ते जिना चढून वर गेले.

सुरक्षा साहेब पस्तिशीचे, कोरड्या चेहऱ्याचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर एक ओळ लिहिली.

“कुणाजवळ बोलू नका. चारला कार्यक्रम सुरू झाला की मी खाली येतो. यादी त्यांच्या खणात आहे म्हणता?”

“हो.”

“सापडली तर इथूनच गाडीत घालतो दोघांना.”

गाडीत घालतो, हे ऐकून काका दारातच थबकले. पण जिना उतरेपर्यंत त्यांनी मन घट्ट केलं. करावं तसं भरावं.

मात्र पुराव्याशिवाय माणसाला गाडीत घालू देणं हेही त्यांच्या स्वभावात नव्हतं. साडेतीनला ताई स्टुडिओत माइक तपासायला गेली, तेव्हा काकांनी तिचा खण उघडला. घडी उलगडली, भिंग काढलं. पाच नंबर सकाळी ऐकलेले. सहावा तळाशी, एकटाच.

४४७१.

भिंग त्यांनी पुसलं. पुन्हा लावलं. चार, चार, सात, एक. मग शाई पाहिली, टंकलेखनाचा ठसा पाहिला, कचेरीचा शिक्का पाहिला. जन्मभर ज्यानं प्रत्येक कागदावर संशय घेतला, त्या माणसाला हा एक कागद खोटा ठरवायचा होता. ठरेना.

“काका.”

ताई दारात उभी होती. तिनं दार लोटून घेतलं.

“सकाळी पेटी उघडली आणि पहिलीच तबकडी ही,” ती म्हणाली. “इतका आनंद झाला! म्हटलं, धावत फाटकाशी जाते आणि काकांना तिथेच सांगते. मग वाटलं, आधी यादी बघावी. तुमचीच सवय लागली मेली. पाकीट मी उघडलं, काका.”

काकांनी भिंग टेबलावर ठेवलं.

“तुमच्याच हातानं ती काळ्या पेटीत टाकायला लावायची? मला नाही जमलं. बटणराव म्हणाले, त्यांना काही सांगू नकोस, आपण लावू. काकूंना एकदा ऐकू दे त्याला. घरी कागद यायचा तेव्हा येईलच.”

“ती टोपीवाली बाई...” काका कसंबसं म्हणाले.

“आठवते मला.” ताईचे डोळे भरून आले. “तुम्ही नको म्हणा, मी आत्ता काढून आणते. तुम्ही म्हणाल तसं.”

नको म्हणायला हवं होतं. तीन दिवस फाटकाशी बसलेल्या त्या बाईसमोर आपण काय बोललो होतो, ते काकांना शब्द न् शब्द आठवत होतं. पण सात महिन्यांत त्यांनीही तो आवाज ऐकला नव्हता. ती हाव होती, दुसरं काही नाही. बायकोचं निमित्त पुढे करण्यात अर्थ नव्हता.

जिन्यावर बूट वाजले. चारला दहा मिनिटं होती, साहेब आधीच निघाले होते. काकांनी यादी पत्र्याच्या डब्यात टाकली आणि काडी ओढली.

दार उघडून साहेब आत आले, तेव्हा कागदाचा शेवटचा कोपरा काळा पडत होता.

“यादी?”

“जाळली. नियमाप्रमाणे.”

“आणि तो सहावा नंबर?”

“चूक झाली, साहेब. माझी. सहाही वाचले होते, मीच मोजण्यात चुकलो.”

साहेबांनी डब्यातली राख पाहिली, मग ताईकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ काकांकडे.

“तुम्ही? मोजण्यात चुकलात?”

“वय झालं. डोळे गेले.”

“बाराला तर खात्री होती तुमची.”

“बाराला होती.”

साहेबांनी टेबलावरचं भिंग उचललं, त्यातून काकांच्याच चेहऱ्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि खाली ठेवलं. “उद्यापासून ताळ्याला माझा माणूस बसेल,” एवढं बोलून ते गेले. ताईनं भिंतीला हात टेकला.

चारला ‘खुशाली’ सुरू झाली. काका बटणरावांच्या मागे उभे राहिले. बटणरावांनी वळून पाहिलं नाही. अठरा आवाज झाले, आणि मग त्यांनी आपल्या कोटाखालून एकोणिसावी तबकडी काढून लावली.

“आई, बाबा, मी मजेत आहे. आता बाबा विचारणार, कशावरून? तर बाबा, इथे भाजी दुसऱ्यांदा मागितली तरी वाढतात, आणि मी तिसऱ्यांदा मागतो. बूट नवे मिळालेत, एक नंबर मोठे. आई, माझ्या सायकलला तेल घाल, गंजवू नकोस. बरं, झाली वेळ.”

वीस सेकंद. सुई खरखरली आणि बटणरावांनी ती उचलली.

काका केंद्रातून निघाले ते चालतच. दारात पाऊल टाकल्या टाकल्या सांगायचं, चप्पलसुद्धा काढायच्या आधी, असं त्यांनी वाटभर घोकलं. जे परक्या बाईला सांगता आलं, ते आपल्या माणसाला सांगता येणार नाही?

दार उघडंच होतं. बोळात सायकल उलटी करून ठेवली होती आणि बायको जमिनीवर बसून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी साखळीवर धरत होती. हात काळे, कपाळावर काळा डाग, आणि चेहरा असा की काकांनी तसा सात महिन्यांत पाहिला नव्हता.

“ऐकलंत ना? तिसऱ्यांदा मागतो म्हणे, हावरट कुठला! आणि बूट मोठे झालेत, मोजे जाड विणायला हवेत.” ती हसत होती, रडत होती, चाक फिरवून बघत होती. “तुमच्या हाताखालून गेली ना हो तबकडी?”

“हो.”

“ताळा केलात?”

“केला.”

“म्हणजे खुशाल आहे माझं पोर.”

काकांनी उलट्या सायकलकडे पाहिलं.

“हो,” ते म्हणाले. “खुशाल आहे.”

बायकोनं मान वर केली. पुढचा शब्द तिला अठ्ठावीस वर्षं पाठ होता. ती त्याची वाट बघत थांबली, ओठांवर हसू तसंच ठेवून. चाक फिरून फिरून मंद झालं आणि थांबलं. काका तिच्याकडे बघत नव्हते, चप्पल पायात तशीच होती.

तिनं कुपी खाली ठेवली. फडक्याला हात पुसले, एकेक बोट, सावकाश. मग उठून ती त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

“कशावरून?” तिनं विचारलं.