बधिर पायातलं जोडवं

मी जोडवं बोलतोय. स्नेहलच्या डाव्या पायातलं, अंगठ्याशेजारच्या बोटातलं. मी आहे चांदीचा, पण आज गोड बोलायला आलेलो नाही.

तळेगावच्या सोनाराने मला घडवलं ते मापापेक्षा जरा सैलच. स्नेहलची सासू, शकुबाई, दुकानातच म्हणाली, "आसू द्या. लग्नानंतर पोरी भरत्यात." चार महिन्यांपूर्वी परंदवडीत लग्न लागलं आणि मी तिच्या बोटात शिरलो. शेजारणी आल्या की आधी मला बघायच्या, मग तिच्या तोंडाकडे.

स्नेहल आंबी गावच्या कंपनीत पॅकिंगला जाते. बोलते कमी. कंपनीच्या बसमधून उतरताना तिचा डावा घोटा मोडला. ऑपरेशनच्या दिवशी नर्सने अंगावरचं सगळं काढायला लावलं. मी आणि उजव्या पायातला माझा जोडीदार दिवसभर शकुबाईच्या रुमालात बांधलेले. स्नेहलच्या घोट्यात प्लेट बसवली. गुडघ्यामागे इंजेक्शन देऊन पाय बधिर केला होता. डॉक्टर म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत तिला काही कळणार नाही. मग दुखेल, तेव्हा गोळी द्या. पाय उंच ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरी निघायच्या आधी, शकुबाईने रुमाल सोडला. "मोकळ्या पायानं उंबरा वलांडायचा न्हाई." मी सैल म्हणून बोटावरून घसरायला लागलो. तर या बाईने माझी दोन्ही टोकं एकावर एक चढेपर्यंत दाबली. पाय ओंडक्यासारखा पडलेला. स्नेहल खिडकीबाहेर बघत होती, तिला पत्ताही नाही. प्लास्टरबाहेर राहिलेल्या बोटांवर लोकरीचा मोजा चढवला. डॉक्टर राऊंडला आले, प्लास्टर बघितलं, सही केली. मोजा कुणी काढला नाही.

गाडीत पाय खाली लोंबत ठेवला, घर येईपर्यंत. बोट सुजत होतं. मी चांदी, मला सैल होता येत नाही. मीच तिला आवळत होतो आणि मला थांबता येत नव्हतं. हा राग माझ्यातून अजून गेलेला नाही.

एकच्या सुमारास पाय जागा झाला. स्नेहलने पलंगाची कड धरली.

"आई, बोट जळतंय."

"घोटा म्हण. प्लेट घोट्यात हाय."

"घोट्याचं नाही म्हणत मी. बोट."

शेजारची चिमाबाई बघायला आली होती. "आमी बाळंतपण उरकून म्हैन्याच्या आत भातलावणीला उभ्या ऱ्हायलो. हिला एवढं बी सोसंना व्हय?"

नवऱ्याने, संदेशने, दवाखान्यात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "भूल उतरली की दुखणारच, गोळी द्या." कुठे दुखतंय ते त्यांनी विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही. घोटा दुखायला हवा असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आधी एक, मग दुसरी गोळी दिली. स्नेहल रडली नाही, म्हणून चिमाबाईला वाटलं, हिला बरं वाटलं.

चार वाजता ती संदेशला म्हणाली, "मोजा काढा."

त्याने काढला. बोट पिकल्या जांभळासारखं झालं होतं. मी त्यात इतका रुतलो होतो की माझी फक्त एक कड दिसत होती.

तेल लावलं, साबण लावला. संदेशने ओढलं तशी स्नेहलने उशी चावली. "कापावं लागंल," तो म्हणाला.

"कापायचं न्हाई," शकुबाई म्हणाली. "नवरा म्होरं बसलाय तिचा. त्याच्या डोळ्यांदेखत जोडवं तोडायचं?"

मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. पण बोलली ती स्नेहल, अगदी हळू. "आई, काल दिवसभर जोडवी नव्हती माझ्या पायात. ह्यांना काय झालं? कँटीनमध्ये चार वडे खाल्ले ह्यांनी."

चिमाबाईने हसू पदरात दाबलं. शकुबाई हसली नाही. उठली, पाण्याच्या मोटारीच्या पेटीतली पक्कड घेऊन आली आणि संदेशच्या हातात दिली. "धर. बोट मी धरते."

दोन ठिकाणी तोडलं मला. स्नेहलने तेव्हा सोडलेला श्वास मी ऐकला. मला घडवल्यापासून माझ्यामुळे कुणाला इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी परत दवाखाना. बोट वाचलं. नख गेलं, शेंड्याला अजून काही कळत नाही.

मी आता तीन तुकड्यांत, कपाटातल्या डबीत. शकुबाई म्हणते, संक्रांतीच्या आत सोनाराकडून जोडून आणू. स्नेहल म्हणते, "बघू." सोनारबुवा, मला जोडू नका. वितळवा आणि वाटी करा, चमचा करा, माणसाच्या अंगावर चढणार नाही असं काहीही करा. आणि वाचणाऱ्यांनो, बाई दुखतंय म्हणाली तर गोळी शोधायच्या आधी कुठे ते विचारा, आणि ती सांगेल तिथे बघा.

माझा जोडीदार उजव्या पायात अजून आहे. स्नेहल रोज सकाळी त्याला बोटावर गोल फिरवून बघते. फिरला, की मगच पाय जमिनीला टेकवते.